दाजींनी पाहिलेली अळी

दाजी गेले हे ताईने सकाळी सव्वासातला फोन करून सांगितलं. मी तेव्हा बादलीत दोन दिवस ठेवलेलं पाणी मगाने हळूहळू फिशटँकमध्ये सोडत होते. "शालू, हे उठतच नायत गो," एवढंच ती म्हणाली... फोन ठेवला आणि मगात उरलेलं पाणीही सावकाशच सोडलं, कारण एकदम ओतलं तर कोळंबी दगावते. मग साडी बदलली आणि किन्हवलीहून शहापूरची एसटी धरली. एसटीत मला रडू आलं नाही. राग येत होता. माझं दाजींशी एक भांडण चालू होतं आणि ते त्यातून मधेच उठून गेले होते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन, चांगलं पुष्कळ आहे. पण त्या भांडणाची माझी बाजू आता ऐकायला कुणी उरलेलं नाही, तेव्हा ती आधी लिहून टाकते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आरोग्य सेवक होते, लोकांच्या भाषेत मलेरियावाले. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्या पायी तुडवण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. मी सातवीत असताना तापाने फणफणले होते, तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या ओटीवर आले. रक्ताच्या नमुन्यासाठी त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली. मी भोकाड पसरलं तर म्हणाले, "रडतेस काय गो? डासाला तर न मागता देतेस!" आत चहा ठेवणारी ताई हसली आणि ते हसू त्यांनी बरोबर ऐकलं. पुढच्या आठवड्यात आमच्या घरात कुणालाच ताप नव्हता, तरी ते आले. मग येतच राहिले. वडील गेल्यावर मी शिक्षण सोडायला निघाले होते, तेव्हा हाताला धरून मला बी.एड.च्या वर्गात बसवून आले ते दाजीच. माझं लग्न जमलं नाही, त्यावरून सगळ्या गोतावळ्याने मला टोचून घेतलं, दाजींनी कधी एक अक्षर काढलं नाही. त्यांना गर्व होता तो एकाच गोष्टीचा, आपल्या नजरेचा. अळवाच्या बेचक्यात साचलेल्या चमचाभर पाण्यातली डासाची अळी त्यांना उभ्याउभ्या दिसायची. आणि एकदा का ते बोलले, की ब्रह्मदेव खाली आला तरी शब्द मागे घ्यायचे नाहीत.

कोळंबीचा नाद मला लागला तो कल्याणहून येणाऱ्या एका सहकारी बाईंमुळे. त्यांनी आधी मला दोन फुटांचा टँक घ्यायला लावला, वाळू आणि झाडं लावून घेतली, दगडाला शेवाळाचा पुंजका दोऱ्याने बांधायला शिकवला, आणि वर सांगितलं की आता दीड महिना यात काहीही सोडायचं नाही. पाणी मुरू दे. ज्याला घाई आहे त्याने कोळंबी बाजारातून आणून खावी, असं त्या म्हणायच्या. दीड महिना मी नुसती पाण्याकडे बघत बसले. मग त्यांनी पिशवीतून दहा आणल्या, करंगळीच्या नखाएवढ्या, फिक्या लाल. नळाच्या पाण्यात पावडर असते म्हणून ते दोन दिवस उघडं ठेवायचं, आठवड्याला अर्धी बादलीच बदलायचं, खायला उकडलेलं पालकाचं पान, तेही तासाभराने काढून घ्यायचं. शाळेच्या आवारातल्या बदामाचं वाळलेलं पान पाण्यात टाकलं की त्या त्यावर दिवसभर चरत बसायच्या. मादी पोटाखाली अंडी धरून महिनाभर त्यांना पंखा घालत राहते हे मी विज्ञान शिकवत असूनही तोवर कधी पाहिलं नव्हतं. शाळेतून येऊन एकटीने चहा पिताना समोर काहीतरी हलतं, जगतं, वाढतं आहे, याचं मला किती बरं वाटायचं ते सांगायला मला लाज नाही. दर पिढीतल्या फिक्या मी वेगळ्या काढायचे आणि गडद ठेवायचे. दहाच्या शंभरावर झाल्या.

दाजी चेष्टा करायचे. घरात ज्याची चटणी होते ते पाळायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न. "शाले, कांदा घालून परतल्यास तर भाकरीबरोबर एक घास होईल," असं ते दर भेटीत म्हणायचे. टँकचं नाव त्यांनी डासांचा पाळणा ठेवलं होतं आणि चार गप्पी मासे सोड म्हणून मागे लागायचे. गप्पी पिल्लं खातात, असं मी सांगायचे. "खातील तर खातील, डास तरी नाय होणार," म्हणायचे. मीही हसायचे. एकदा तर खरंच त्यांच्या ताटात जवळ्याची चटणी वाढून, "घ्या, माझ्याकडच्याच आहेत," म्हणाले होते, आणि क्षणभर त्यांचा घास थांबला होता.

तीन वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात मी आणि ताई भाचीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर नाशिकला गेलो. माझ्या घराची किल्ली दाजींकडे होती. गावात डेंग्यूची साथ होती. निवृत्त झाले तरी अळीनाशकाची एक बाटली त्यांनी घरात ठेवली होती, ती घेऊन ते किन्हवलीला आले आणि माझ्या घरातल्या प्रत्येक पाण्यात त्यांनी थेंब टाकले. पिंपात, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, संडासाच्या टाकीत... आणि टँकमध्ये. डासाची अळी ज्याने मरते त्याने कोळंबी आधी मरते. मी दार उघडलं तेव्हा वाळूवर सगळ्या पाठीवर पडलेल्या होत्या, उकडल्यासारख्या गुलाबी-पांढऱ्या. गोगलगायी तेवढ्या काचेवर फिरत होत्या.

मी फोन केला. दाजी शांतपणे म्हणाले, "अळ्या वळवळत होत्या तुझ्या टाकीत. मी ह्या डोळ्यांनी बघितल्या." मी सांगितलं, ती कोळंबीची पिल्लं होती दाजी, आठ दिवसांची. तर म्हणाले, "तेहतीस वर्षं अळ्या मारल्या गो मी. मला अळी कळत नाय काय?" एक शब्द म्हणाले असते, चुकलं असं, तर मी रडून मोकळी झाले असते. तो शब्द आला नाही. उलट ताईला म्हणाले की ही शाली शिकली तितकी बिघडली.

तेव्हापासून मी डूख धरला. टँक फोडला नाही, धुतला. वाळू फेकली, झाडं फेकली, दोन महिने थांबून पुन्हा कल्याणहून दहा आणल्या, आणि त्या वाढवता वाढवता दाजींना कुठे गाठायचं ते मी बघत राहिले. साखरपुडा असो, बारसं असो, चारचौघांत मी तो किस्सा सांगायचे. "दाजींना विचारा, अळी कशी ओळखायची!" लोक हसायचे. कुणीतरी लांबून 'ओ अळीवाले' अशी हाक मारायचं. दाजी पत्रावळीत मान घालून जेवायचे. ताई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणायची, "पुरे कर गो आता." मी म्हणायचे, त्यांना चुकलं म्हणायला सांग, आत्ता पुरे करते.

तरी माझं समाधान होईना. पुढच्या पावसाळ्यात शाळेत डेंग्यूवर व्याख्यान ठेवायचं ठरलं, तेव्हा वक्ता म्हणून दाजींचं नाव मीच सुचवलं. दाजी खूश झाले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, बोललेही झकास, मुलं कान देऊन ऐकत होती. शेवटी मी टेबलावर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या. एकीत शाळेमागच्या करवंटीतल्या डासांच्या अळ्या, दुसरीत माझ्या कोळंबीची पिल्लं. मुलांना आदल्या दिवशी मी फरक पक्का शिकवला होता. "दाजी, यातली अळी कुठली ते मुलांना दाखवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही बरण्या एकेक करून खिडकीशी नेल्या, डोळ्यांजवळ धरल्या, लांब धरल्या. मग कोळंबीच्या बरणीवर बोट ठेवलं. "ही अळी." अख्खा वर्ग ओरडला, "नाय!" आणि खो खो हसला. दाजी मला म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात उजेड कमी आहे." चार माणसांत ते मला बाईच म्हणायचे. जाताना व्हरांड्याची शेवटची पायरी त्यांची चुकली आणि त्यांनी खांब धरला. मी पाहिलं. मला वाटलं, लाजेने पाय लटपटले. त्या दिवशी मी घरी येऊन शिरा करून खाल्ला.

दाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता हे या हिवाळ्यात कळलं. भर दुपारी ते अंगणातल्या खाटेवर आदळले, तेव्हा ताईने जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरच म्हणाले, इतकी वर्षं काय करत होतात? ताईलाही त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. माणसं आवाजावरून ओळखायचे, पायऱ्या मोजून उतरायचे, पेपर नुसता समोर धरून बसायचे. मी ताईला विचारलं, "मग माझ्याकडे थेंब टाकले तेव्हा?" ताई म्हणाली, "आता कबूल केलान, तेव्हा पण नाय दिसत होता गो. हाताला लागेल त्या पाण्यात टाकलान, नि तू ओरडलीस तेव्हा सांगितलान की अळ्या होत्या."

मला दया यायला हवी होती. मला दुप्पट राग आला. म्हणजे अळ्या नव्हत्या, पिल्लं नव्हती, त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. दिसत नाही असं म्हणण्यापेक्षा माझा टँकमधला संसार बुडवल्याचा बोल घेणं या माणसाला सोपं वाटलं. आणि मी शाळेत, मुलांच्या देखत, एका आंधळ्याची परीक्षा घेतली. ते पाप माझ्या माथी कुणी मारलं? एका शब्दाने सांगितलं असतंत दाजी, तर मी तुमचा हात धरून तुम्हाला पायऱ्या उतरवलं असतं. ते तुम्हाला नको होतं, हेही मला कळतं, आणि म्हणूनच चीड येते.

ऑपरेशननंतर दोनेक महिन्यांनी दोघं माझ्याकडे जेवायला आली. जाण्याआधीची ती आमची शेवटची भेट. दाजींना जवळचं बघायला नवा चष्मा मिळाला होता. चपला काढल्या काढल्या त्यांनी स्टूल ओढलं आणि टँकसमोर बसले. "शाले... ह्या एवढ्या लाल असतात?" मी हो म्हणाले. काचेवर बोट ठेवून ते एकीच्या मागे मागे फिरले. "हिच्या पोटाखाली काय गो?" म्हटलं, अंडी. "पंखा घालते की!" ताईने आणलेला चहा गार झाला. ती चहा परत घेऊन आत गेली, तरी ते हलले नाहीत. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "तेव्हाच्या पण अशाच होत्या?"

अशाच होत्या, एवढं म्हणणं पुरे होतं. खरं तर तेव्हाच्या इतक्या लाल नव्हत्याच, पुष्कळ फिक्या होत्या. दाजींची मान पुढे झुकलेली होती, आणि इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच म्हातारे दिसले. मी म्हणाले, "नाही दाजी. त्या याहून देखण्या होत्या. तशा पुन्हा झाल्याच नाहीत."

दाजींनी काचेवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "चुकलं गो माझं."

लपवत नाही, ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. दाजींनी चष्मा काढला, मिटून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि मी पानं घेईपर्यंत ते तसेच टँककडे तोंड करून बसून राहिले.