खांद्याएवढ्या खुंट्या

कॉलेजच्या सुट्टीत भंडारदऱ्याला मामांकडे गेलो की धरणावरचे एक सुतार भेटत. कुठलंही काम सांगितलं की ते आधी विचारत, "वापरनार कोन?"

त्या वर्षी धरणावरच्या साहेबांनी शिडाची होडी आणली. तिची डोलकाठी, वल्ही आणि शीड ठेवायला जीपच्या गॅरेजमध्ये मांडणी हवी होती. सुतारांनी टेप बाजूला ठेवला आणि वॉचमनकाकांना भिंतीशी उभं केलं. काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. सामान रोज त्यांनीच काढायचं होतं. जमलं नाही तर दुसरा माणूस ठेवू, असं साहेब म्हणाले होते. सुतारांनी काकांच्या खांद्याखाली खुंट्यांसाठी खुणा केल्या.

"एवढ्या खाली? वाईट दिसेल. वर घ्या," साहेब म्हणाले.

"घेतो की. मग काढायला तुमी येनार व्हय, साहेब?"

साहेब हसून निघून गेले. मला असं बोलणं कधी जमेल असं वाटत नाही.

मांडणी झाल्यावर काका डोलकाठी काढायला पुढे झाले. मी मदतीला धावलो, तर सुतारांनी माझी बाही धरली.

"थांबा, कॉलेजवाले. त्येंचं काम हाय."

काठी अलगद उतरली. काकांनी ती परत ठेवली आणि उगाचच पुन्हा एकदा काढली.