गाडी निवेपर्यंत

सकाळी दवाखाना उघडण्याआधी डॉक्टर मालतीबाई आपल्या जुन्या मोटारीचं बॉनेट उघडत. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे आणि गवताच्या काड्या मऊ ब्रशानं काढत, रबरी नळ्या बोटांनी चाचपत, मग उकळून गार केलेलं पाणी भरत. विहिरीच्या पाण्यातले क्षार आत साचतात, म्हणून. पार्ल्यात लोक हसत: बाईंच्या मोटारीला कायमचंच पथ्य. बाई म्हणत, "हसा. रात्रीबेरात्री मला हीच नेते."

त्या जाऊन महिना झाला. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी त्यांच्या दवाखान्यात औषधं देत असे. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला वर्सोव्याचा रस्ता दिसतो.

एका दुपारी धर्मा नावाचा वर्सोव्याचा कोळी धावत आला. बायको अडली होती. मूल आडवं आहे, असं सुईण म्हणत होती. आम्ही तिघं निघालो. अर्ध्या वाटेवर बॉनेटमधून वाफ उसळली. वरची नळी फाटली होती.

बाईंनी इंजिन बंद केलं आणि त्या बांधावर बसल्या. धर्मानं खाडीचं पाणी डबाभर आणलं. बाईंनी डबा अडवला. तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं तर ते तडकेल, आणि खारं पाणी रेडिएटर खाईल. चांगलं पाणी डिकीत होतं. ते ओतायलाही इंजिन निवायला हवं होतं.

"बाय, माजी बायको मरंल थं, न तू हितं बसलीस? चल, चालत जाऊ."

"चालत मी पोचेन रे. पण मूल आडवं आहे, तिला इस्पितळात न्यावं लागणार. तेव्हा गाडी कुठून आणू?"

धर्मा मटकन खाली बसला. बाईंनी बॅगेतली चिकटपट्टी काढली, नळी पुसून कोरडी केली आणि घट्ट गुंडाळली. वरून बँडेज आवळलं. मग वाट पाहिली. धर्मा रडत होता, आणि त्या मधूनमधून रेडिएटरला हात लावून बघत होत्या. मला ते बघवेना. अखेर त्यांनी इंजिन सुरू करून थोडंथोडं पाणी ओतलं. नळीवर दाब येऊ नये म्हणून झाकण सैल ठेवलं.

कोळीवाड्यातून धर्माच्या बायकोला मागच्या सीटवर घेऊन आम्ही इस्पितळाकडे निघालो. धर्मा पुढे बसला होता. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बाई सावकाश चालवत होत्या, त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पट्टी टिकली.

शस्त्रक्रिया झाली. आई वाचली, मुलगीही.

धर्मा पाया पडायला बाईंना शोधत होता, म्हणून मी बाहेर आले. त्या मोटारीला टेकून उभ्या होत्या. नळीवरचं सोडलेलं बँडेज त्या पुन्हापुन्हा गुंडाळत आणि उलगडत होत्या. माझ्याकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या,

"गाडी निवेपर्यंत ती गेली असती तर, गं?"