सर्व फोटोंना रोज हार

चौदा प्रेस, चौदा माणसं आणि चौदाही काउंटरवर एकच आकडा. नऊशे चाळीस.

"एक तारखेपासून रोज हेच चाललंय, मॅडम," आमचे प्लँट हेड अभिजित सर लॅपटॉप माझ्याकडे फिरवत म्हणाले. "पहिल्या शिफ्टमध्ये सगळ्यांचे नऊशे चाळीस पीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. हा गो-स्लो आहे, मुद्दाम हळू काम करणं. युनियनला बोलवा."

मी नगरच्या एमआयडीसीतल्या त्या कंपनीत एचआर मॅनेजर होते. युनियनचं पत्र नव्हतं, मागणी नव्हती, कुरबुरही नव्हती. आणि गो-स्लो असा नसतो. त्यात आकडे खाली येतात, पण वेडेवाकडे येतात. चौदा माणसांचे हात कधीच सारखे चालत नाहीत.

पॉवर प्रेसचं काम असं असतं: पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून वजनदार ठोकळा धाडकन खाली येतो, पत्र्याला आकार येतो आणि काउंटरवर एक आकडा पुढे सरकतो. हात आत राहिला तर हाताचाही आकार बदलतो. म्हणून तोंडाशी उजेडाचा न दिसणारा पडदा असतो. हात त्यात आला की मशीन आपोआप थांबतं.

शिफ्ट साडेतीनला सुटते. मी तीनलाच शॉपमध्ये जाऊन खांबाशी उभी राहिले. एवढा आवाज की शेजारचा काय बोलतो ते कळू नये. तीन वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यातला प्रेस थांबला. मग त्याच्या पलीकडचा. मग एकदम तीन. कोणी खूण केली नाही, कोणी ओरडलं नाही. चौदावा प्रेस थांबला तेव्हा भर दुपारी त्या शेडमध्ये वरच्या पंख्याची किरकिर ऐकू आली. माणसं आपापल्या मशीनशेजारी हात मागे घेऊन उभी राहिली, कोणाकडेही न बघता. वीस-पंचवीस मिनिटं तशीच. मी घाबरले. एवढ्या वर्षांत संप पाहिले, घेराव पाहिला, पण अशी शांतता पाहिली नव्हती.

"काय झालंय?" मी जवळच्या दोघांना विचारलं.

"काही न्हाई, म्याडम. पीस झाले."

एचआरवाल्यांना माणूस काम का करतो हे कळतं असा एक समज आहे, आणि तो आम्हीच पसरवलेला आहे. मी लागले तेव्हा आमच्या खात्याचं नाव पर्सोनेल होतं आणि उत्तर सोपं होतं: माणूस धाकाने किंवा आमिषाने काम करतो. मेमो द्या नाहीतर हजेरी बोनस द्या. काही वर्षांनी मला ट्रेनिंगला पाठवलं. तिथे कळलं की माणसाच्या गरजांची उतरंड असते. सगळ्यात खालच्या मडक्यात पोट, त्यावर सुरक्षितता, त्यावर आपली माणसं, त्यावर मान, आणि सगळ्यात वर आपल्याला जे होता येईल ते होणं. खालचं मडकं रिकामं असेल तर माणूस वरच्याकडे बघत नाही. आम्ही कँटीन सुधारलं, बस लावली. मग पुढच्या ट्रेनिंगमध्ये समजलं की कँटीनने नुसती तक्रार थांबते, हुरूप येत नाही. हुरूप येतो कामातून आणि पाठीवरच्या थापेतून. अलीकडे म्हणतात की बाहेरून काही द्यायचंच नसतं. माणसाला कामात थोडा स्वतःचा अधिकार, हातात कसब आणि सोबत आपली माणसं हवीत, मग तो आतूनच चालतो. दर काही वर्षांनी नवी स्लाइड, माणसं तीच. मी प्रत्येक स्लाइडवर विश्वास ठेवला. तेव्हा प्रत्येक खरीच वाटायची.

पाठीवरच्या थापेच्या स्लाइडमधूनच तीन महिन्यांपूर्वी आमची 'स्टार ऑफ द मंथ' योजना निघाली होती. महिन्यात ज्याचे सगळ्यात जास्त पीस, त्याचा मोठा फोटो कामगारांच्या गेटवर लावायचा. तिथे गणपतीचा, खंडोबाचा आणि कंपनीच्या दिवंगत संस्थापकांचा फोटो आधीपासून होता. काळी चकचकीत फ्रेम मीच पसंत केली होती.

त्या दिवशी ऑफिसकडे परत येताना मला लक्ष्मीबाई भेटल्या. हाउसकीपिंगच्या, गेटकडची झाडलोट त्यांच्याकडे. मी सहज विचारलं, "मावशी, प्रेस शॉपचं काय बिनसलंय?"

त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "त्या भिताडावर कोन चढंल, म्याडम? पयला यायचं म्हंजी फोटू लागनार."

"मग? मानच आहे की."

त्यांनी हातातला झाडू थांबवला. "तुमी यकदा आमच्या गेटानं येऊन बगा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही अधिकारी पार्किंगच्या गेटने येतो. कामगारांच्या गेटला मी तीन महिन्यांत पाय ठेवला नव्हता. त्या संध्याकाळी गेले.

गणपती, खंडोबा, संस्थापक, आणि त्यांच्याच ओळीत आमचे तीन स्टार. पहिला मारुती. योजनेतल्या पहिल्याच महिन्याचा, आणि फोटो लागल्यावर तीन आठवड्यांनी हायवेवर मोटरसायकलच्या अपघातात गेलेला. दुसरा किसन. त्याला अर्धांगवायू झाला, तो घरी पडून होता. तिसरा भानुदास, जो त्याच दिवशी माझ्यासमोर नऊ नंबरच्या प्रेसशेजारी उभा होता. सहाही फोटोंना झेंडूचे ताजे हार होते. खाली उदबत्तीचं घर होतं आणि भानुदासच्या फ्रेमच्या काचेवर राखेचा पुसट थर बसला होता.

अपघात आणि आजार हे योगायोग होते. आजही मी तेच म्हणेन. पण जिवंत माणसाच्या फोटोला हार बघून माझ्या अंगावर काटा आला, हेही खरं आहे.

"हार कोण घालतं?" मी लक्ष्मीबाईंना बोलावून विचारलं.

"मीच. कागदावर तसं हाय न्हवं. मी सुपरवायझरला इचारलं हुतं. त्यो म्हनला, लिवलंय तसं कर." त्यांचे डोळे भरले. "समोरून त्यो भानुदास कामावर येतो, अन मी त्याच्या फोटूला हार घालती. परवा थांबला. म्हनला, मावशी, हार वाकडा झालाय, सरळ करा."

मी हाउसकीपिंगच्या कॉन्ट्रॅक्टची फाइल काढली. गेटवरील सर्व फोटोंना रोज हार व उदबत्ती. खाली सही माझी होती, काही वर्षांपूर्वीची. तेव्हा 'सर्व' म्हणजे तीनच फोटो होते.

दुसऱ्या दिवशी भानुदासला केबिनमध्ये बोलावलं. भंडारदऱ्याच्या अलीकडच्या एका गावचा, तिशीतला. युनिफॉर्म त्याच्या अंगावर लोंबत होता.

"भानुदास, बरं नाही का?"

"बरा हाय की."

"मला खरं सांग."

त्याने मोबाईल काढून टेबलावर ठेवला. कोणीतरी त्या भिंतीचा फोटो काढून पुढे पाठवला होता आणि फिरत फिरत तो त्याच्या गावच्या ग्रुपवर पोचला होता. भानुदास, काळी फ्रेम, झेंडूचा हार. खाली हात जोडलेल्या खुणांची रांग आणि भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली.

"शनवारचं हाय ह्ये. माझा फोन लॉकरमदी, अन मग बॅटरी गेल्ती. रविवारी सकाळी गावी गेलो. अंगनात मानसं बसल्याली. कोन बोलंना. आईनं चूल पेटवली नव्हती. शेजारच्यांनी भाकरी अन पिठलं आनून ठिवलं हुतं, तसं आनत्यात ना, तसं."

"तुला बघून काय म्हणाले?"

"बायका वरडल्या. मंग आईनं मला हात लावून बगितला. मंग सगळी गप झाली. कुनी हसलं न्हाई, म्याडम. जेवायला बस म्हनले. ती भाकरी मी पन खाल्ली. भूक लागल्ती."

मी पाणी प्यायले आणि त्यालाही दिलं.

"हितं बी तसंच. माझ्या टेबलावर कोन जेवाय बसत न्हाई. वाईट न्हाईत ती, भित्यात. आन परवा..." त्याने उजवा हात उचलून स्वतःच बघितला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. "हात आत गेल्ता. पाय पेडलवर हुता. मला कळलंच न्हाई. मशीनच थांबलं."

माझी उतरंड तिथेच कोसळली. वरचं मानाचं मडकं भरायला म्हणून आम्ही गेलो आणि खालची सगळी फोडून बसलो. माणूस आठ-दहा दिवस मशीनवर उभा राहून मरणाची सवय करत होता, आणि आम्ही वरच्या मजल्यावर आकडे मोजत होतो. मी त्याला त्याच क्षणी प्रेसवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं.

अभिजित सर आधी ऐकेनात. "मॅडम, ही अंधश्रद्धा आहे. आपण ती खपवून घ्यायची?"

"सर, तुमचा फोटो लावू या का? हारासकट? आठवडाभरच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "काढून टाका."

काढणं सोपं होतं. मारुतीचा फोटो त्याच्या घरच्यांनी नेला, किसनचा त्याच्या भावाने गुंडाळून नेला, कुठे ते मी विचारलं नाही. राहिला भानुदासचा.

"याचं काय करू?" मी त्याला विचारलं.

"फेकू नका. जाळू बी नका." तो घाईने म्हणाला. "पान्यात सोडू नका."

"घरी नेतोस?"

"आई उंबऱ्याच्या आत घिऊ द्यायची न्हाई."

दोन दिवस ती फ्रेम माझ्या कपाटात होती. उलटी ठेवली तर बरं वाटेना, सुलटी ठेवली तर त्यावर फाइल ठेवायला हात धजेना. मी, एचआर मॅनेजर, कपाट उघडायला शिपायाला सांगू लागले.

मग सेफ्टी ऑफिसरशी दुसऱ्याच कामाबद्दल बोलताना एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक मशीनवर एक पाटी असते: हे मशीन चालवायला कोण अधिकृत आहे, त्याचं नाव. काही कारखान्यांत त्यावर फोटोही असतो. मेलेला माणूस मशीनला अधिकृत नसतो. आम्ही चौदाही जणांचे फोटो घेतले. भानुदासचा मात्र तोच, फ्रेममधून काढून, लॅमिनेट करून नऊ नंबरच्या प्रेसला चिकटवला. चौदा चेहरे, चौदा मशीनवर, एकाच दिवशी. तिथे खिळा नव्हता आणि उदबत्तीला जागा नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर तेलाचे डाग पडले. लक्ष्मीबाईंच्या कागदात मी 'सर्व' खोडून 'देवांच्या व दिवंगतांच्या' असं लिहिलं.

आठवड्याने डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन भानुदास प्रेसवर परतला. काउंटर पुन्हा वेडेवाकडे पळू लागले. हेड ऑफिसने योजनेचा रिपोर्ट मागवला. त्यात 'काय शिकलो' असा एक रकाना होता. मी लिहिलं: कोणाचा फोटो लावण्याआधी, तिथली माणसं फोटो कधी लावतात ते विचारावं. हे जरा पॉझिटिव्ह शब्दांत लिहा, असं उत्तर आलं. मी तसंच ठेवलं.

पाटी लावली त्या दिवशी भानुदास बराच वेळ ती वाचत उभा होता. तळाशी बारीक अक्षरात वैधता छापलेली असते, नियमाप्रमाणे वर्षाची.

"म्याडम," तो म्हणाला, "मार्चपर्यंतच?"

"अरे, रिन्यू होतं ते. दर वर्षी. सगळ्यांचंच."

"सगळ्यांचं," तो म्हणाला आणि मान हलवली. मी विषय बदलायला विचारलं, आई आता जेवते का.

"जेवती. पन रोज सकाळी फोन करती. दुसरं काय बोलत न्हाई. 'हाय का?' इचारती. मी म्हनतो, 'हाय.' मंग ठिवून देती."