समोरच्या खुर्चीत

मामांच्या सलूनमध्ये माणसं केस कापायला येत आणि झोपून जात. गुण मामांच्या हाताचा होता. मानेवरून कंगवा वर सरकला, कात्रीची कचकच सुरू झाली, की भल्याभल्यांच्या माना कलत. बँकेतले साहेब तर टक्कल पडल्यावरही नेमाने येत. काय कापायचं ते त्यांनी सांगितलं नाही, मामांनी विचारलं नाही.

हेच मामा रात्री टक्क जागे असत.

मामी गेल्यापासूनची ही गोष्ट. पाठ टेकली की डोक्यात बाजार भरे. शटर नीट ओढलं का, गॅस बंद केला का, दवाखान्यात ती हाताने खूण करत होती ती पाण्यासाठीच होती ना, परत शटर.

उपाय सांगायला कुणाला पदवी लागत नाही. औषधवाला म्हणाला, शंभरापासून उलटे मोजा. आकडे संपले, झोप आली नाही. मामांनी ते सुलटे मोजून जागच्या जागी ठेवले. दूरगावी असलेल्या मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, मोबाइलवर पावसाचा आवाज लावा, मन शांत होतं." मामांनी लावला, जरा वेळाने उठले आणि गॅलरीतले दुकानाचे टॉवेल आत घेतले. टॉवेल कोरडे होते.

इथवर चाललं असतं. पण एका सकाळी निवृत्त मास्तरांची दाढी करताना हात थरथरला आणि वस्तरा कानाखाली लागला.

"मामा, तो कान राहू द्या," मास्तर म्हणाले, "चष्मा अडकवायला लागतो."

सगळे हसले, मामाही हसले. पण त्यानंतर मास्तर "दाढी घरीच करतो हल्ली" म्हणू लागले आणि बाकीचे खुर्चीत डोळे उघडे ठेवून बसू लागले, आरशातून मामांच्या हाताकडे बघत. झोपेना कुणीच. हात गेला की दुकान जाणार, आणि दुकान गेलं की 'काय मामा, कसं काय?' एवढंही दिवसभरात विचारणारं कुणी उरणार नव्हतं.

रस्त्यापलीकडे दुसरं सलून होतं. तिथला मालक मामांच्याच हाताखाली शिकला आणि बरोबर समोर दुकान टाकून बसला. तेव्हापासून अबोला. मामा त्याला 'समोरचा' म्हणत. नावाने हाक मारण्याइतकं अंतर कमी करायची त्यांची तयारी नव्हती.

एका रिकाम्या दुपारी मामांनी पाहिलं, समोरच्याच्या खुर्चीत मास्तर, गालावर फेस, तोंड उघडं, गाढ झोपलेले. मामा तरातरा रस्ता ओलांडून गेले. मास्तर दचकून उठले.

"मी आपला पेपर वाचायला आलो होतो," ते म्हणाले, आणि अर्धा फेस पुसून निघूनही गेले.

मामा मास्तरांकडे बघायला वळले, तशी समोरच्याला त्यांची मान मागून दिसली. "मामा, ही मान कुणी कापली तुमची? पोलिसात दिलंत का?"

"मीच. दोन आरसे धरून."

"तरीच. आम्हाला शिकवलंत आणि स्वतः नापास. बसा."

भांडायला आलेल्या माणसाला खुर्ची दिली की पंचाईत होते. मामा बसले. समोरच्याने कंगवा तळहातावर दोनदा आपटला, कानामागे अंगठा टेकवून मान हलकेच वळवली. सगळं मामांचंच होतं. आपला हात कसा लागतो, हे मामांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. मामी गेल्यापासून त्यांच्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. आपलं शटर उघडंच राहिलंय, हे त्यांना आठवलं. त्यापुढचं आठवायच्या आत मान कलली.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते. समोरचा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून होता.

"किती वेळ झाला?"

"माझा चहा दोनदा झाला."

"गिऱ्हाइकं?"

"मामांकडे जा म्हटलं. मामा तिथे नाहीत, म्हणाले."

मामांनी दोन्ही हात पुढे धरून बराच वेळ पाहिले. मग खुर्चीवरून उठले.

"बस. दाढी वाढलीय तुझी."

"वस्तऱ्याने?"

"नाहीतर कशाने?"

समोरचा बसला. त्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटले. एक डोळा जरा उशिरा मिटला.