उतरलीस कशाला

"ही तुमच्याबरोबर आहे का?"

ट्रॅममधल्या चेकरने हे मला विचारलं नाही. माझ्या मागच्या सीटवर बसलेल्या श्रीरंगदादांना विचारलं. जर्मनमध्ये. माझं विद्यापीठाचं कार्ड त्याच्या हातात होतं, दोन बोटांत धरलेलं. मी त्याच्यासमोर उभी होते. साडी नेसले होते. दिवाळीचा कार्यक्रम होता.

श्रीरंगदादा हसले. मान डोलावून हो म्हणाले असते तर एका शब्दात सगळं संपलं असतं. ते म्हणाले, "दी फेर्ट इअर लेबेन लांग उमझोन्स्ट."

ही आयुष्यभर फुकटच फिरत आलीय.

चेकर हसला. समोर बसलेला एक म्हातारा हसला. आमच्यातलेही एकदोघं हसले. मी पण थोडी हसले. ते मला आजही आठवतं. माझे ओठ आपोआप हलले होते.

मी जर्मनीत, ड्रेस्डेनला मास्टर्स करत होते. तिथे सेमेस्टरची वर्गणी भरली की पुढचे सहा महिने शहरातल्या ट्रॅम आणि बस आपल्याच. वेगळं तिकीट काढायचं नाही. विद्यापीठाचं कार्ड हेच तिकीट. सगळे त्याला सेमेस्टरटिकेट म्हणायचे. नियम असा की कार्डासोबत फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र हवं. हा नियम होता हे खरं, पण सव्वा वर्षात तो मला कुणी विचारला नव्हता.

त्या शनिवारी दुपारी आम्ही आठ जण एकाच ट्रॅममध्ये होतो. सगळे मराठी, सगळे विद्यापीठातले. श्रीरंगदादा पीएचडी करत होते, पाच वर्षांपासून तिथे होते, आमच्या छोट्या मंडळाचं सगळं तेच बघायचे. त्यांच्याकडेही ते सेमेस्टरटिकेटच होतं. चेकरने सात जणांची कार्डं नुसती लांबून पाहिली. माझ्याजवळ आला तेव्हा माझ्या छोट्या पर्समधून कार्ड लवकर निघेना. साडीवर म्हणून ती पर्स केतकीकडून मागून घेतली होती. केतकी म्हणजे माझ्याच होस्टेलमधली, पुण्याची. कार्ड निघालं तेव्हा तो म्हणाला, आता दुसरं ओळखपत्र. ते रोजच्या सॅकमध्ये राहिलं होतं, खोलीवर. मी म्हणाले की खोलीवर आहे, हे सगळे मला ओळखतात. म्हणून त्याने श्रीरंगदादांना विचारलं.

ते बोलले. तो हसला. मग त्याने यंत्रातून दंडाची चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. केतकी मोबाइल बघत होती. मुग्धावहिनी, म्हणजे श्रीरंगदादांची बायको, मांडीवरचा चकल्यांचा डबा सावरत होती. ट्रॅम थांबली. दार उघडलं. मी उतरले.

कुणी हाक मारली नाही. दार बंद झालं. ट्रॅम पुढे गेली.

मी थांब्यावरच्या बाकावर बसले. गार होतं. कोट आणला होता, घातला नाही. मला वाईट वाटत नव्हतं. राग येत नव्हता. समोरच्या बेकरीतून लोक पाव घेऊन बाहेर येत होते, ते मी बघत होते. दोन ट्रॅम आल्या आणि गेल्या. दोन्ही माझ्याच नंबरच्या. मी बसून राहिले.

ते असं का म्हणाले हे मला माहीत होतं.

मी आले त्या पहिल्या महिन्यात व्हिसा वाढवायचा होता. श्रीरंगदादा नव्या मुलांना कागद लावून द्यायचे. मनापासून करायचे, खोटं कशाला बोलू. माझ्या फाइलमध्ये स्कॉलरशिपचं पत्र होतं. समाजकल्याण खात्याचं. वर मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती. ते पत्र त्यांनी इतर कागदांपेक्षा जरा जास्त वेळ धरलं. मग घडी घालून फाइलमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "तुमचं बरं असतं."

तोपर्यंत ते मला 'तुझं' म्हणायचे. त्या दिवशी 'तुमचं' झालं. माझ्या एकटीचं ते नव्हतंच.

त्यानंतर कुणी मला काही बोललं नाही. घरी बोलवायचे, जेवायला वाढायचे. फक्त कार्यक्रम झाला की मोठी पातेली माझ्याकडे यायची. गणपतीला आली, संक्रांतीला आली, पाडव्याला आली. कुणी ठरवलं नव्हतं. वहिनी म्हणायच्या, "तू छान घासतेस गं." बाकीच्या मुली खुर्च्या उचलायच्या, फोटो काढायच्या. मी हॉलच्या किचनमध्ये बाह्या वर करून उभी. मी घासायचे. मला जड जात नव्हतं. जड जात नव्हतं हेच खरं तर वाईट होतं.

आणि त्याच्याही आधीचं होतं एक.

आमचं गाव जिंतूरच्या बाजूला. शाळेला जायला मुलींना एसटीचा पास मोफत होता. सगळ्या मुलींना, जात न विचारता. गावात गाडी दोनदा थांबायची. आधी पारापाशी, मग आमच्या वस्तीच्या फाट्यावर. पारापाशी चढलेल्या मुली बसलेल्या असायच्या. त्यांच्याकडेही तोच पास. आम्ही फाट्यावर चढलो की कंडक्टर म्हणायचा, "पासवाल्यांनी उभं राहायचं. तिकीटवाल्यांना बसू द्या." जागा रिकामी असली तरी. आम्ही उभ्या राहायचो. पारावरच्या मुली खिडकीतून बाहेर बघायच्या.

आठवीत असताना एकदा मला ताप होता. आई सोबत होती, तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला. मी रिकाम्या सीटवर बसले. कंडक्टर आला, माझा पास बघितला आणि आईकडे बघून म्हणाला, "सरकारचं फुकट खायचं अन् वर मांडी घालून बसायचं." आईने मला दंडाला धरून उठवलं. स्वतःचं तिकीट काढलेली माझी आईही माझ्यासोबत उभी राहिली. पुढच्या थांब्यावर आम्ही उतरलो. उरलेलं अंतर चाललो. त्यावर आम्ही दोघी कधीच बोललो नाही. घरीही नाही, दवाखान्यातही नाही.

थांब्यावरच्या बाकावर मला हे सगळं ओळीने आठवलं असं नाही. मी नुसती बसले होते. मग फोन वाजला. आई होती. दर शनिवारी याच वेळी तिचा फोन यायचा. तिकडे दिवेलागण झालेली असायची.

ती म्हणाली, झाला का कार्यक्रम. मी म्हणाले, मी गेलेच नाही अजून. का, म्हणाली. मी सांगितलं. कोरडेपणाने, बातमी सांगावी तसं. दादा काय म्हणाले ते मराठीत सांगितलं.  

मग तिने विचारलं, "पास व्हता ना तुजा?"

"होता."

"खरा व्हता?"

"खरा होता, आई."

"त्यानं उतर म्हनलं का तुला?"

मी आठवून बघितलं. चेकरने चिठ्ठी दिली होती. उतर म्हणाला नव्हता. ट्रॅममधलं कुणीच मला उतर म्हणालं नव्हतं.

"नाही."

"मग उतरलीस कशाला?"

मी समोरच्या रुळांकडे बघितलं. ती म्हणाली, "मी त्या टायमाला उतरले, कारन मला वाचता येत नव्हतं. पासावर काय लिव्हलंय ते मला ठाव नव्हतं. तुला तर येतंय."

एवढं बोलून तिने, बरं, जेव काहीतरी, म्हणून फोन ठेवला. दहा-बारा वर्षं तिच्याही पोटात ते होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी ती चिठ्ठी पर्समधून काढली आणि पहिल्यांदा वाचली. सात दिवसांत ओळखपत्र दाखवलं तर दंड रद्द होईल असं लिहिलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत अजून एक ओळ होती. ही पावती या प्रवासात शेवटच्या थांब्यापर्यंत तिकीट म्हणून चालेल.

म्हणजे मी बसून राहू शकत होते. नियमाने. माझं शरीर आपोआप उठलं होतं आणि दारातून बाहेर पडलं होतं. त्याला सवय होती.

मी कोट घातला. पुढच्या ट्रॅममध्ये चढले.

हॉल एका चर्चचा होता, भाड्याने घेतलेला. मी पोचले तेव्हा जेवणं चालू होती. चाळीसेक माणसं. मुलं टेबलांमधून पळत होती, आपसात जर्मनमध्ये ओरडत. मुग्धावहिनींनी मला पाहिलं. म्हणाल्या, "आलीस होय. बरं झालं. जेवून घे, मग ती मोठी पातेली तेवढी बघ."

श्रीरंगदादा ताट घेऊन उभे होते, चारपाच जणांत. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज चढलेला नव्हता. मला तेव्हाही काही वाटत नव्हतं.

"दादा, ट्रॅममध्ये तुम्ही त्या माणसाला काय सांगितलंत?"

ते म्हणाले, कधी, कुठे, अगं ते असंच. मग मी त्यांचं वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. जर्मनमध्ये, जसंच्या तसं. सगळ्यांत आधी मुलं थांबली. त्यांना ते आधी कळलं. एक मुलगी हसली, तिला वाटलं मी काहीतरी गंमत सांगतेय. कुणीच हसत नाही हे बघून तीही गप्प झाली. मग मोठ्यांना कळलं.

श्रीरंगदादांनी ताट टेबलावर ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं आता सॉरी म्हणतील. ते म्हणाले, "तुला एवढं जर्मन येतं हे माहीत नव्हतं."

मी वर्षभर संध्याकाळचे क्लास केले होते. बी-टू पातळीची परीक्षा पास झाले होते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"तुमच्या खिशात काय आहे?" मी विचारलं. "सेमेस्टरटिकेटच ना? केतकीकडे तेच. आठही जणांकडे तेच. मग फुकट फिरणारी मी एकटी कशी?"

"तो विषय वेगळा आहे."

"कुठला विषय?"

 हॉलमधल्या प्रत्येकाला कुठला विषय ते माहीत होतं. वहिनी मध्ये आल्या, म्हणाल्या, दिवाळीच्या दिवशी नको ना हे. मी म्हणाले, "वहिनी, पातेली मी घासणार नाही. आज नाही, पुढेही नाही. आणि कुठला विषय ते मीच सांगते. मी अनुसूचित जातीच्या स्कॉलरशिपवर आलेय. ती मला मार्कांवर मिळाली. यापुढे कुणाला सांगायचं असेल तर माझ्याकडे बघून सांगा, माझ्या डोक्यावरून नको."

मग मी ताट घेतलं. वाढून घेतलं. निघून जावं असं पाय म्हणत होते. मी मधल्या टेबलाशी बसले. माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. मी सावकाश जेवले. भात होता, वाटाण्याची उसळ होती, श्रीखंड होतं. कशालाच चव लागली नाही. पण ताट पूर्ण संपवलं. मग निघाले. पातेली कुणी घासली मला माहीत नाही.

निघताना केतकी दारापर्यंत आली. म्हणाली, "तुझं बरोबरच होतं, पण सगळ्यांसमोर नको होतं."

मी म्हणाले, "ते पण सगळ्यांसमोरच बोलले होते."

ती म्हणाली, हो, ते पण आहे. तिची पर्स तिला परत दिली.

सोमवारी ट्रॅम कंपनीच्या खिडकीवर गेले. बाईंनी दोन्ही कार्डं पाहिली आणि एका मिनिटात दंड रद्द केला. मी तक्रारीचा फॉर्म मागितला. त्यांना आश्चर्य वाटलं, झालं की काम, म्हणाल्या. मी म्हणाले, माझं काम अजून व्हायचंय. मी लिहिलं की तुमच्या माणसाने माझ्यासमोर माझ्याबद्दल तिसऱ्या माणसाला विचारलं आणि त्याच्या उत्तरावर हसला. तीन आठवड्यांनी पत्र आलं. दोन ओळींचं. खेद वाटतो म्हणून. वाचून बरं वाटलं नाही. ते मी फाइलमध्ये ठेवलं, समाजकल्याणच्या पत्राच्या मागे.

मंडळाच्या ग्रुपमधून मला कुणी काढलं नाही. माझ्या मेसेजला उत्तरं येईनाशी झाली, एवढंच. श्रीरंगदादा विद्यापीठात दिसायचे. मान खाली घालून जायचे. मी मान वर ठेवून बघायचे. त्यातही विजय वगैरे काही वाटायचा नाही.

उन्हाळ्यात एका मुलीचा फोन आला. नांदेडकडची. त्याच स्कॉलरशिपवर येणार होती, कुठून तरी माझा नंबर मिळवला होता. खोली, थंडी, कपडे, सगळं विचारून झालं. मग जरा थांबून तिने विचारलं, "ताई, तिकडं स्कॉलरशिपचं नाव कुणाला सांगू का नको?"

मी म्हणाले, "सांग. पहिल्या दिवशी सांग. दुसऱ्याने तुझं पत्र वाचायच्या आत तू स्वतः सांग. आणि भाषा शीक. तुझ्याबद्दल काय बोलतात ते तुला कळलं पाहिजे."

तिला मी एवढंच सांगितलं. स्वतःला मात्र आणखी एक सांगून ठेवलंय. कुणी हसून मला उठवायला बघेल, तर मी उठणार नाही. माझ्यासमोर माझ्याबद्दल कुणी दुसऱ्याशी बोलेल, तर मी त्याचं वाक्य तिथेच तोडणार. मग ते जर्मन असो, इंग्रजी असो, नाहीतर शुद्ध मराठी असो. आणि मी माझ्या थांब्यावर उतरणार. त्याच्या आधी नाही.