देवरावकाकांच्या अळ्या

देवरावकाका स्वतःच बनवलेल्या खेळात नेहमी हरायचे. आर्णीच्या बस स्टँडजवळ त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या कोपऱ्यात प्लायवूडची एक उंच पेटी, आत जुना टीव्ही, बाहेर दांडी आणि दोन बटणं. पडद्यावर कपाशीच्या रांगा आणि वरून उतरणाऱ्या अळ्या. त्या बोंडापर्यंत पोचायच्या आत फवारा मारून टिपायच्या. दुसरीकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांमध्ये पोरं परदेशी विमानं पाडायची. आम्ही अळ्या मारायचो. पुस्तकं मागवून, दोन वर्षं खपून काकांनी हा खेळ एकट्यानं उभा केला होता.

मी तेव्हा सातवीत होते. पहिल्याच दिवशी हरले आणि रागानं दांडीवर चापट मारली. काका म्हणाले, "अळीले कायले दोष देतं वं? तिले तसं मीच शिकोलं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी रोज शाळा सुटली की जायचे. मी जिंकले की ते वहीत काहीतरी टिपून ठेवत, आणि आठवड्याभरात अळ्या तिरप्या चालू लागत. "तू जिंकली का मले काम लागते, बाई," असं कुरकुरत म्हणायचे. पण चेहरा खुललेला असायचा. माझ्याइतकं त्यांच्या खेळाशी कुणी भांडलं नसेल.

पुढं मोबाईल आले, पेटीपुढची गर्दी आटली. मी नोकरीला पुण्यात गेले. दोन वर्षांपूर्वी एकदा काकांचा फोन आला. "शुगरनं डोये गेले माह्ये, वैशू. पेटी सुरू हाय अजून. एकडाव येऊन खेळ. मी आयकतो."

मी दिवाळीत आर्णीला गेले. पेटी आता घरी, बैठकीत होती. मी खेळत होते आणि काका खुर्चीत मान तिरपी करून नुसत्या आवाजावरून सांगत होते, "डाव्या अंगानं आली. थांब, दोन हायेत." मी जिंकले तेव्हा ते उठून चाचपडत पेटीपाशी आले. मग म्हणाले, "सारा खेळ एका चिपमंधी हाय. ते आता म्हातारी झाली, एक दिवस सारं विसरून जाईन. पुण्यात कोनी तिची नक्कल करून देईन का?"

माझ्या ऑफिसातल्या मित्राला हे काम येत होतं. "त्यालाच घेऊन येते काका, संक्रांतीला," मी म्हटलं.

संक्रांत गेली. होळीही गेली. काम होतं, सुट्टी नव्हती. खरं सांगायचं तर मी चालढकल केली. काकांचे तीन फोन आले. तिन्ही वेळा त्यांनी चिपचं नावही काढलं नाही. "जेवली का?" एवढंच विचारलं.

उन्हाळ्यात काका गेले. तेरवीनंतर मी मित्राला घेऊन गेले. पेटी सुरू केली तर पडद्यावर नुसते करडे पट्टे. मित्रानं चिप काढून तपासली, पुन्हा तपासली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "यात काहीच उरलं नाही."

मी तिथंच जमिनीवर बसले. काकू जवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता विचारतील, एवढे दिवस काहून नाही आली?

त्या म्हणाल्या, "जलमभर त्या पेटीवरची धूळ पुसली मी, पन खेळली नाही कधी. कसा होता वं त्यायचा खेळ?"

मी सांगू लागले. कपाशीच्या रांगा कशा दिसायच्या, अळी कशी उतरायची. दुसऱ्या अळीपाशी येऊन थांबले.

"सांग नं," काकू म्हणाल्या. "मंग कोन्या बाजूनं आली ते?"