हबीबभाईंचं स्पॅनिश

दीड महिन्यापूर्वी दुपारी जेवायला गेलो, तर हबीबभाईंच्या मेसचं शटर खाली. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "सर, चाचा सकाळीच गेले... हार्ट." खरं सांगतो, मला आधी राग आला. या माणसाची एकच हौस होती आणि तीही धड पुरी झाली नव्हती.

भूकंपात औसा तालुक्यातलं त्यांचं घर पडलं, बायको त्यात गेली. तीन वर्षांच्या निलोफरला घेऊन ते लातूरला आले. पुढं क्लासेस वाढले, बाहेरगावची पोरं खोल्या करून राहू लागली, तेव्हा त्यांनी मेस काढली. आयुष्यभर लोकांना वाढलं, स्वतः मात्र चुलीपाशी उभ्यानंच जेवायचे. निलोफर शिकत शिकत संशोधनासाठी स्पेनला गेली. तिथं ती एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी राहायची, त्यांच्यासोबतच जेवायची. त्या दोघांनी हबीबभाईंना बोलावलं. हॉटेलात जेवण द्यायचं ठरवलं.

"सर, मला त्यांच्याच बोलीत बोलायचंय," ते म्हणाले. मी जीवशास्त्र शिकवणारा माणूस... पण मोबाइलवरचे व्हिडिओ बघून आम्ही दोघंही शिकायला बसलो. रोज दुपारी चारला, मेस रिकामी झाल्यावर. आठ महिने. मी वेटर, ते गिऱ्हाईक. 'येवा खामोन?' म्हणजे यात डुकराचं मांस आहे का, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाठ केलं. बाकीचं काही टिकायचं नाही. मी पाणी आणायला वळलो की हे उठून स्वतःच भरलेला जग घेऊन यायचे.

"हबीबभाई, तुम्ही बसा हो. मागायचं फक्त."

"बसून मागायला लई अवघड जातंय, सर."

तिथं जेवण झाल्यावरही लोक तासभर गप्पा मारत बसतात, मागितल्याशिवाय बिल येत नाही, हे तर त्यांना पटेचना. "मागची पंगत काय उपाशी ठेवायची?" मी चिडायचो. दोनदा शिकवणी सोडून निघूनही गेलो. दुसऱ्या दिवशी चार वाजता ते टेबल पुसून वाट बघत असायचे.

स्पेनला पंधरा दिवस राहून आले ते गप्पगप्पच. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "एक वाक्य बोलायचं हुतं, सर. माझं मीच जुळवलेलं. तोंड उघडलं की पोरगी माझ्यासाठी बोलून मोकळी. सगळं जेवण असंच गेलं." कोणतं वाक्य, ते सांगितलं नाही. "आता काय करायचंय..."

मागच्या आठवड्यात चाळिसावा झाला. निलोफर आली होती. गल्ल्याखाली तिला एक वही सापडली. सगळे स्पॅनिश उच्चार उर्दूत लिहिलेले, शेवटच्या पानावर एकच ओळ. तिनं ती वाचली: "ग्रासियास पोर दार दे कोमेर आ मि इखा." माझ्या लेकीला जेवू घालता, आभार.

"हे कुणासाठी, काका?"

"त्या दोघांसाठी. तू बोलू दिलं नाहीस," मी बोलून गेलो.

तिनं वही मिटली. "अब्बा घाबरलेत असं वाटलं, काका. त्यांची फजिती होऊ नये म्हणून मी..." मग डोळे पुसून म्हणाली, "मी आजच फोन करून सांगते त्यांना."

पुन्हा तीच सांगणार होती. मी वही मागून घेतली. क्लासच्या माझ्या टेबलावर आहे. चार वाजले की उघडतो. उर्दू मला वाचता येत नाही.